गडावरचं टाकं नकाशावर आणताना: मार्करच्या चित्रांचा खटाटोप

अँड्रॉइड ॲपमधल्या नकाशावर आपलं स्वतःचं चित्र मार्कर म्हणून, म्हणजे जागेची खूण म्हणून बसवायचं, हे शिकवणीच्या व्हिडिओत एका ओळीचं काम असतं. ती ओळ मी २०२४ च्या दिवाळीनंतर लिहिली आणि ॲप लोकांच्या हातात पडलं तेव्हा २०२५ चा गुढीपाडवा होऊन गेला होता. मधे काय काय झालं ते क्रमाने लिहून ठेवते. मी संगणकाचं शिक्षण घेतलेलं नाही. नाशिकच्या एका कारखान्यात हिशेब बघते. जाणकारांना यातलं बरंच बाळबोध वाटेल, पण हे त्यांच्यासाठी नाहीच.

आमचा डोंगर भटकणाऱ्यांचा एक गट आहे आणि गटाकडे एक जाडजूड वही आहे. कुठल्या गडावर कुठे टाकं आहे, पाणी पिण्याजोगं आहे की नुसतं भांडी घासायच्या कामाचं, कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं, असं सगळं तिच्यात लिहिलेलं. साल्हेर, मुल्हेर, धोडप, हरिहर, कुलंग. आमच्या बाजूच्या गडांची पानं विशेष भरलेली. होळी झाली की या वहीला भाव येतो. जो तो पानाचा फोटो मागतो आणि वही नेमकी तेव्हा कोणाच्या तरी माळ्यावर असते. हे सगळं नकाशावर आणू या असं ठरलं आणि "तू एक्सेल चालवतेस ना, मग तूच बघ" या न्यायाने काम माझ्या गळ्यात पडलं. कोटलिन, म्हणजे अँड्रॉइड ॲप लिहायची भाषा, मी आदल्या पावसाळ्यात रात्री जागून थोडंफार शिकले होते, तेवढ्याच भांडवलावर सुरुवात केली.

नोव्हेंबरात पहिलं काम नकाशाच्या किल्लीचं. गूगल क्लाउडच्या कन्सोलमध्ये प्रोजेक्ट उघडायचा, 'मॅप्स एसडीके फॉर अँड्रॉइड' चालू करायचं आणि एपीआय की, म्हणजे ॲपला गूगलचा नकाशा वापरू देणारी किल्ली घ्यायची. मोबाइल ॲपमध्ये नुसता नकाशा दाखवायला पैसे पडत नाहीत, तरी बिलिंग खातं आणि कार्ड द्यावंच लागतं. माझं कार्ड आधी नाकारलं गेलं, कारण त्यावर परदेशी व्यवहार बंद होते. बँकेच्या ॲपमध्ये ते चालू करा आणि मगच फॉर्म भरायला बसा. खातं उघडल्यावर बजेटची सूचनाही लावून घ्या. मात्र ती सूचना खर्च थांबवत नाही, फक्त कळवते. हिशेबाच्या माणसाला हा फरक लगेच कळतो, बाकीच्यांनी दोनदा वाचावा. किल्ली उघडी ठेवू नये म्हणून तिला ॲपचं पॅकेज नाव आणि सही-प्रमाणपत्राचा 'एसएचए-१' ठसा (ॲपवर कोणाची सही आहे ते ओळखायची खूण) यांची अट घालायची असते. हा ठसा अँड्रॉइड स्टुडिओत (ॲप लिहायच्या प्रोग्रॅममध्ये) ग्रेडल या ॲप बांधणाऱ्या साधनाच्या 'साइनिंग रिपोर्ट'मधून मिळतो. तो जपून ठेवा, पुढे मार्चमध्ये याच ठशाने सगळ्यांना बुचकळ्यात टाकलं.

नकाशा दिसला. त्यावर लाल टाचणीही आली. आता चित्रं.

चित्रं माझ्या भाच्याने काढली. पिण्याचं पाणी, वापरायचं पाणी, आटलेलं टाकं, मुक्कामाची गुहा आणि अवघड टप्पा असे पाच प्रकार. त्याने ५१२ बाय ५१२ पिक्सेलच्या पीएनजी फायली पाठवल्या आणि नावं दिली ती आपण सगळे देतो तशी: मोठी अक्षरं, मधे आडव्या रेघा, कंसात 'फायनल'. अँड्रॉइडच्या 'ड्रॉएबल' या चित्रांच्या फोल्डरमध्ये फायलीच्या नावात फक्त इंग्रजी लहान लिपीतली अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर चालतात. बाकी काही दिसलं की ॲप बांधलंच जात नाही. "मावशी, फायनल लिहिलं नाही तर कुठली घ्यायची ते तुला कळणार कसं?" हा त्याचा प्रश्न रास्त होता, पण नावं बदलावी लागलीच.

नावं बदलून ती चित्रं 'ड्रॉएबल'मध्ये टाकली आणि मार्करसाठी चित्र तयार करणाऱ्या बिटमॅप-डिस्क्रिप्टर-फॅक्टरीच्या 'फ्रॉम-रिसोर्स'ला दिली. साल्हेरच्या एका टाक्याने अख्खा साल्हेर झाकला, वर मुल्हेरही. याचं गणित सोपं आहे, पण कोणी सांगितल्याशिवाय सुचत नाही. साध्या 'ड्रॉएबल' फोल्डरमधलं चित्र इंचाला १६० ठिपके, म्हणजे १६० डीपीआयच्या 'एमडीपीआय' पडद्यासाठी काढलेलं आहे असं फोन धरून चालतो. माझा फोन 'एक्सएक्सएचडीपीआय', म्हणजे त्याच्या तिप्पट घनतेचा. मग ५१२ चे झाले १५३६ पिक्सेल. फोनच्या पडद्याची रुंदीच १०८० पिक्सेल, तिथे गड कुठून दिसणार? आणि एका पिक्सेलला चार बाइट या दराने त्या एका चित्राला ९ एमबीहून जास्त मेमरी लागली. पीएनजी फाइल डिस्कवर केवढी आहे याला इथे काही अर्थ नसतो. ती उघडल्यावर रुंदी गुणिले उंची गुणिले चार, हाच खरा भाव.

यावरचा रिवाजाचा उपाय म्हणजे प्रत्येक घनतेसाठी वेगळं चित्र. मार्कर ४० डीपीचा (डीपी म्हणजे पडद्याच्या घनतेवर न अवलंबणारं माप) हवा असेल तर एमडीपीआयला ४० पिक्सेल, एचडीपीआयला ६०, एक्सएचडीपीआयला ८०, एक्सएक्सएचडीपीआयला १२० आणि एक्सएक्सएक्सएचडीपीआयला १६०. पाच चित्रं, पाच फोल्डर. भाचा दर आठवड्याला रंग बदलत होता, त्यामुळे दर आठवड्याला पंचवीस फायली. डिसेंबरच्या सुरुवातीला मी हे सोडून दिलं आणि त्याला म्हटलं, एसव्हीजी पाठव. एसव्हीजी म्हणजे पिक्सेलऐवजी रेषांच्या वर्णनाने साठवलेलं चित्र; अँड्रॉइड स्टुडिओ त्याचं व्हेक्टर ड्रॉएबल करून देतो. एकच फाइल, कुठल्याही मापाला रेखीव.

व्हेक्टर आणलं आणि ॲप उघडताक्षणी बंद पडलं. लॉगमध्ये, म्हणजे ॲप चालताना फोन लिहून ठेवतो त्या निरोपांत, ओळ होती: 'फेल्ड टू डीकोड इमेज. द प्रोव्हायडेड इमेज मस्ट बी अ बिटमॅप.' बटणावर, मेनूत, यादीत व्हेक्टर बिनतक्रार चालतं. मार्करला मात्र तयार बिटमॅपच, म्हणजे पिक्सेलचं चित्रच लागतं आणि 'फ्रॉम-रिसोर्स' व्हेक्टरचा बिटमॅप करून देत नाही. तो आपण करायचा. त्याची पायरी अशी: कॉन्टेक्स्ट-कॉम्पॅटकडून ड्रॉएबल घ्यायचं, हव्या मापाचा एआरजीबी-८८८८ जातीचा रिकामा बिटमॅप तयार करायचा, त्यावर कॅनव्हास ठेवायचा, ड्रॉएबलला 'सेट-बाउंड्स'ने चौकट सांगायची, 'ड्रॉ' म्हणायचं आणि तो बिटमॅप 'फ्रॉम-बिटमॅप'ला द्यायचा. सहा-सात ओळींचं फंक्शन होतं. यातलं 'सेट-बाउंड्स' गाळलं तर काहीही कोसळत नाही, कुठलीही चूक दाखवली जात नाही, फक्त मार्कर दिसत नाही. बोट लावलं तर माहितीची खिडकी उघडते, म्हणजे मार्कर आहे, पण पारदर्शक. असा अदृश्य मार्कर भेटला तर आधी चौकट तपासा. मापही पिक्सेलमध्ये लिहू नका. डीपी गुणिले पडद्याची घनता असं काढा, नाहीतर स्वस्त फोनवर मार्कर मोठा आणि महागड्यावर मुंगीएवढा दिसेल.

हे फंक्शन मी नीटनेटकेपणाच्या हौसेने ॲप सुरू होतानाच चालवत होते, म्हणजे पाचही चित्रं आधीच तयार. त्यावर 'आय-बिटमॅप-डिस्क्रिप्टर-फॅक्टरी इज नॉट इनिशियलाइज्ड' असा नवा निरोप आला. नकाशाची यंत्रणा जागी होण्याआधी तिच्याकडे चित्र मागितलं तर हे होतं. नकाशा तयार झाल्याची हाक जिथे येते, त्या 'ऑन-मॅप-रेडी'मध्ये चित्रं बनवा. आधीच हवी असतील तर 'मॅप्स-इनिशियलायझर' चालवून मग बनवा. इथवर आल्यावर मला या कामाचा स्वभाव कळला. आपण विचार करतो तो फाइल कुठली याचा. फोन विचारतो ते चित्र कधी उघडायचं, केवढं उघडायचं आणि उघडलेलं कोण सांभाळणार. माझ्या बहुतेक रात्री या तीन प्रश्नांत गेल्या.

डिसेंबरच्या अखेरीस पाचही चित्रं नकाशावर होती आणि हरिहरचं टाकं हवेत होतं.

कारण अँकर. मार्करच्या चित्रातला कोणता बिंदू जमिनीवरच्या जागेला टेकवायचा, ते अँकर ठरवतो. काही सांगितलं नाही तर तो खालच्या कडेचा मध्य असतो, आकड्यांत ०.५ आणि १.०. टाचणीच्या आकाराला हे बरोबर. आमची गुहेची आणि टाक्याची चित्रं गोल होती, त्यांचा मध्य जागेवर हवा, म्हणजे ०.५ आणि ०.५. फरक किती पडतो ते मी काढून पाहिलं. झूम १५ वर नाशिकच्या अक्षांशाला एक डीपी म्हणजे साधारण साडेचार मीटर. ४० डीपीचं गोल चित्र खालच्या कडेवर टेकलं तर त्याचा मध्य २० डीपी वर सरकतो, म्हणजे नव्वद मीटर. हरिहरचा माथा केवढा ते पाहिलेल्यांना नव्वद मीटर म्हणजे काय ते सांगायला नको. टाचणीच्या चित्रातही एक चकवा असतो. नेहमीच्या २४ बाय २४ च्या आयकॉनमध्ये टोक बहुधा २२ वर संपतं आणि खाली दोन घरं पारदर्शक असतात. ४० डीपीला तेवढ्यानेही पंधरा मीटर सरकतं आणि झूम कमी केला की हा आकडा वाढत जातो. अशा वेळी अँकरचा उभा आकडा २२ भागिले २४, म्हणजे ०.९२ च्या आसपास ठेवायचा.

जानेवारीत फोन घेऊन प्रत्यक्ष गडावर गेलो. घरी छान दिसणारे रंग उन्हात ओळखू येईनात. पिण्याचं पाणी हिरवं आणि वापरायचं पाणी लाल अशी आमची खूण होती. गटातल्या एका काकांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही, हे इतक्या वर्षांच्या ओळखीत मला त्या दिवशी कळलं. "मला तर सगळीच टाकी सारखी दिसताहेत, कुठलं पाणी पिऊ सांग," असं ते हसत म्हणाले, पण मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. मग रंगाबरोबर आकारही बदलले: पिण्याचं पाणी भरीव थेंब, वापरायचं पाणी चौकोनात पोकळ थेंब, आटलेल्या टाक्यावर तिरकी रेघ. प्रत्येकाला बाहेरून पांढरी कड. उपग्रहाच्या गडद चित्रावर पांढऱ्या कडेशिवाय काही उठून दिसत नाही. गडावर रेंज नव्हती तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. मागचा नकाशा उतरला नाही, नुसती रिकामी जाळी आली, पण मार्कर आपापल्या जागी होते, कारण चित्रं ॲपमध्येच होती. मार्करची चित्रं सर्व्हरवरून मागवायचा विचार मी तिथेच टाकून दिला.

गटातल्या तरुण मंडळींना मात्र टाक्याचा फोटोच मार्कर म्हणून हवा होता. फेब्रुवारीत तोही प्रयोग केला. फोटो उतरवायला कॉइल नावाची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, घेतली. ती वेगासाठी 'हार्डवेअर बिटमॅप' देते आणि तो आपल्या साध्या कॅनव्हासवर काढता येत नाही, ॲप कोसळतं. मागणीतच 'अलाउ-हार्डवेअर फॉल्स' सांगावं लागतं. त्याहून किचकट भाग असा की फोटो येईपर्यंत वापरणारा नकाशा सरकवतो, मार्कर काढला जातो आणि मग आलेला फोटो नसलेल्या मार्करला चिकटवायला गेलं की पुन्हा कोसळतं. मार्कर अजून आहे का ते तपासून मगच चित्र बदलायचं. एवढं करून फोटो दिसले, तर ४० डीपीत प्रत्येक टाकं म्हणजे तपकिरी ठिपका! प्रयोग तिथे संपला. फोटो आता मार्करला बोट लावल्यावर खालून वर येणाऱ्या पानात दिसतात. नकाशाच्या स्वतःच्या माहिती-खिडकीत फोटो ठेवायचा असेल तर एवढं लक्षात असू द्या: ती खिडकी उघडते त्या क्षणी तिचं स्थिर चित्र काढलं जातं. नंतर आलेला फोटो तिच्यात आपोआप उमटत नाही, 'शो-इन्फो-विंडो' पुन्हा म्हणावं लागतं.

सगळी वही भरल्यावर नकाशा अडखळायला लागला. नोंदी शेकड्यांनी, आणि प्रत्येक नोंदीसाठी चित्र नव्याने बनत होतं. १२० बाय १२० पिक्सेलचा एक बिटमॅप म्हणजे ५७,६०० बाइट. असे हजार मार्कर वेगवेगळ्या बिटमॅपने केले तर ५७ एमबीच्या वर. चित्रं तर पाचच आहेत! पाच डिस्क्रिप्टर (मार्करला द्यायची तयार चित्रं) एकदाच बनवून एका हॅशमॅपमध्ये, म्हणजे नावाने शोधता येणाऱ्या तक्त्यात ठेवले आणि सगळ्या मार्करना त्यातलेच वाटले. तीन लाख बाइटांच्या आत काम भागलं. सुचवण्यासारखी एकच गोष्ट निवडायची असेल तर मी ही निवडेन. उरलेला अडखळा क्लस्टरिंगने गेला. गूगलच्या 'अँड्रॉइड मॅप्स युटिल्स'मधला क्लस्टर-मॅनेजर जवळजवळच्या मार्करांचा एक गोळा करून त्यावर संख्या लिहितो. चित्र तिथे 'ऑन-बिफोर-क्लस्टर-आयटम-रेंडर्ड'मध्ये द्यायचं. गोळ्यावरची संख्या दहाच्या आत नेमकी आणि पुढे '१०+', '२०+', '५०+' अशा टप्प्यांनी येते, इंग्रजी आकड्यांत. 'गेट-क्लस्टर-टेक्स्ट' आपण नव्याने लिहिलं की देवनागरी आकडे येतात. कामाच्या दृष्टीने याची गरज नव्हती. हौस.

मार्चमध्ये प्ले स्टोअर. नोंदणीचे २५ डॉलर, एकदाच. तेव्हाच्या दराने दोन हजारांच्या थोडं वर. मग सरकारी ओळखपत्र. त्यावरचं नाव आणि खात्यातलं नाव जुळलं पाहिजे; लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी आधी कोणतं ओळखपत्र द्यायचं ते ठरवून घ्यावं. प्रत्यक्ष अँड्रॉइड फोनवरून पडताळणी वेगळी. गोपनीयता धोरणाचं पान कुठेतरी इंटरनेटवर असावं लागतं. 'डेटा सेफ्टी'चा फॉर्म भरताना स्थान-माहितीचे प्रश्न सावकाश वाचा. आमचं ॲप आपण कुठे उभे आहोत ते फोनमध्येच दाखवतं, बाहेर पाठवत नाही, आणि ॲप बंद असताना स्थान मागत नाही, त्यामुळे भानगड कमी झाली.

प्रकाशनाची आवृत्ती बांधताना आकार कमी व्हावा म्हणून 'श्रिंक-रिसोर्सेस' चालू केलं. माझ्या फोनवर महिनोन् महिने दिसणारी चित्रं या आवृत्तीत गायब. झालं असं की आमच्या नोंदींची फाइल इंटरनेटवरून येते, तिच्यात चित्राचं नाव मजकूर म्हणून असतं आणि ॲप 'गेट-आयडेंटिफायर'ने त्या नावाचं चित्र शोधतं. कोडमध्ये त्या चित्रांचा उल्लेख नाही, म्हणून ती बिनकामाची ठरून छाटली गेली. 'रॉ' फोल्डरमध्ये 'कीप' नावाची एक्सएमएल फाइल ठेवून ती वाचवता येतात. मी त्याऐवजी कोडमध्येच नाव आणि चित्र यांचा पाच ओळींचा तक्ता लिहिला. छाटणीला चित्रं वापरात असलेली दिसतात, आणि वाचणाऱ्यालाही.

चाचणीची आवृत्ती प्ले स्टोअरवरून उतरवली तर नकाशाच कोरा. लॉगमध्ये 'ऑथरायझेशन फेल्युअर'. तोच नोव्हेंबरातला ठसा. प्ले स्टोअर आपण चढवलेलं ॲप स्वतःच्या सहीच्या किल्लीने (ही नकाशाची किल्ली नव्हे) पुन्हा सही करून वाटतं, त्यामुळे लोकांच्या फोनवर पोचणाऱ्या ॲपचा एसएचए-१ वेगळा असतो. प्ले कन्सोलमध्ये ॲप साइनिंगच्या पानावर तो मिळतो. एपीआय कीच्या अटींमध्ये आपल्या ठशाबरोबर तोही घाला, एकाच्या जागी दुसरा नको.

नंतरची वाट बघणं नियमाचं होतं. नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला आधी बंद चाचणी घ्यावी लागते. किमान १२ माणसं, सलग १४ दिवस चाचणीत सामील असलेली. आधी ही संख्या २० होती. बाराच माणसं घेऊ नका. कोणीतरी फोन बदलतं, कोणीतरी 'जागा नव्हती' म्हणून ॲप काढून टाकतं. आमच्याकडे ट्रेकवाले होते म्हणून निभावलं. त्यांच्याकडून ईमेल गोळा करणं मात्र गडाच्या शिधा-वर्गणीपेक्षा अवघड गेलं. चौदा दिवस झाल्यावर अर्ज करताना चाचणीत काय सापडलं आणि काय बदललं ते लिहावं लागतं. काकांचा लाल-हिरव्याचा किस्सा तिथे कामी आला. होकार एप्रिलमध्ये आला.

आता गडाच्या पायथ्याला जेवण देणारी घरंही दाखवा अशी मागणी आहे. भाच्याने चुलीचं चित्र काढलंय. इथे एक काळजी घ्यावी लागते. नोंदींची फाइल सगळ्यांकडे लगेच पोचते, ॲपची नवी आवृत्ती मात्र जो तो सवडीने घेतो. जुन्या ॲपला तक्त्यात नसलेलं नाव मिळालं तर तिथे साधी टाचणी दाखवायची अशी ओळ मी घातली आहे, आणि चुलीचं चित्र असलेली आवृत्ती आधी सोडून काही आठवड्यांनीच ती घरं नोंदींमध्ये चढवणार आहे.